देवडीतली तुर्कीण

परतूर तालुक्यातल्या एका कसब्यात मुलींच्या मदरशावर, म्हणजे निजामाच्या सरकारी शाळेवर, माझी नेमणूक झाली, तेव्हा मी बाविशीत होते. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा प्लेगानं गेला होता. वडिलांनी लोकांची पर्वा न करता मला औरंगाबादला ठेवून उर्दू शिकवलं, थोडं इंग्रजीही शिकवलं, म्हणून ही नोकरी मिळाली. गावात पोचले त्या संध्याकाळी बैलगाडीतून वळकटीही उतरली नव्हती, तर घरमालकीण पाटलीणबाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तुर्कीण पाह्यली का?"

"कोण तुर्कीण?"

"अवो, जहागीरदारानं आणली न्हाई का! हैदराबादच्या राजवाड्यात तुर्कस्तानच्या राजकन्या सुना म्हणून आल्त्या ना, त्यांच्यासंगं आल्ती ती. दुधावानी गोरी हाये म्हनं. डोळे मांजरावानी. आन् अंगाला वास येतो, बोकडाचा."

"तुम्ही तिच्याजवळ गेला होतात?"

"छ्या! मी कशाला जाऊ? लोकं सांगतेत."

पुढच्या आठवडाभरात ती बाई न पाहिलेल्या पुष्कळ जणींनी मला तिचं वर्णन ऐकवलं. ती आंघोळ करत नाही. ती दिवसातून चारदा आंघोळ करते. ती कच्चं मांस खाते. तिला शेपटीचं हाड आहे. हे सगळं पाणवठ्यावर, देवळात, लग्नघरात, तोंडात घास असताना सांगितलं जायचं, आणि सांगताना बायकांच्या डोळ्यांत जी चमक यायची ती बघून मला ताटावरून उठावंसं वाटायचं.

त्या वर्षीच्या दिवाळीआधी मला देवडीतून, म्हणजे जहागीरदाराच्या वाड्यातून, बोलावणं आलं. जहागीरदाराच्या पहिल्या बायकोच्या दोन मुली होत्या. त्यांना हिशेब आणि थोडं इंग्रजी शिकवायचं होतं, आणि पडद्यातल्या मुलींना शिकवायला बाईच हवी होती. नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्या मदरशाची इमारत त्याचीच.

जहागीरदार पन्नाशीचा होता. दाढीला कलप, डोक्यावर गोंड्याची लाल तुर्की टोपी, तोंडात सतत पान. बोलता बोलता तो मान वळवायचा, नोकर पिकदाणी पुढं करायचा, तो थुंकायचा आणि तेच वाक्य पुढं चालू करायचा. निम्मी पिचकारी नोकराच्या मनगटावर पडायची. नोकर ती पुसतही नसे.

"उस्तानी," तो मला म्हणाला, म्हणजे मास्तरीणबाई. आमचं बोलणं उर्दूत चालायचं, मी ते मराठीत सांगते. "आमचे पूर्वज असली तुर्क. बादशहाच्या फौजेबरोबर आले. पण इथली हवा, इथली ज्वारी! पाच-सहा पिढ्यांत रक्त पातळ झालं. म्हणून मी हैदराबादला खटपट करून तुर्कस्तानची बेगम आणली."

त्यानं अंगणातल्या तबेल्याकडं बोट दाखवलं.

"घोडी अरबस्तानची आणली की शिंगरू सुधारतं. खानदानाचंही तेच आहे. बराबर की नाही?"

हे तो मोठ्यानं, दिवाणखान्यात, चार माणसांसमोर म्हणाला. त्या चौघांत आमच्या गावचे वकीलही होते. चांगले शेंडीवाले, घरी सोवळ्यात जेवणारे. पण देवडीत येताना तेही लाल तुर्की टोपी घालत, कारण जहागीरदाराला ते आवडायचं. वकिलांनी मान डोलावली आणि म्हणाले, "बिलकुल बजा फर्माया." मी पदर सारखा केला आणि आत गेले.

तिची माझी भेट झाली ती आठवडाभरानं. मुली अक्षरं गिरवत बसल्या होत्या आणि मागच्या खोलीतून शिलाईच्या यंत्राचा आवाज येत होता. मोठी मुलगी म्हणाली, "तुर्की अम्मा आहे." मी पाणी मागायच्या निमित्तानं उठले.

खोलीत एक सडपातळ बाई पायमशीनवर पडद्याला गोट लावत बसली होती. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असावी. गोरी होती, पण दुधासारखी वगैरे काही नाही. आमच्याकडच्या कोकणस्थ बायका असतात तशी. डोळे तपकिरी. केस मागं घट्ट बांधलेले. खोलीत कापूस, तेल आणि धुतलेल्या कापडाचा वास होता. देवडीत तेवढी एकच जागा अशी होती की जिथं पाय टेकवताना विचार करावा लागत नसे.

तिनं वर बघितलं आणि विचारलं, "तुम्हीपण बघायला आलात?"

"नाही," मी म्हटलं. "पाणी प्यायला."

तिनं उठून झाकलेल्या सुरईतलं पाणी दिलं. पेला देताना म्हणाली, "घ्या, आब्ला."

मला राग आला. मी म्हटलं, "मी अबला नाही. मी नोकरी करून खाते."

ती गोंधळली. मग कळलं की तिच्या भाषेत आब्ला म्हणजे ताई, मोठी बहीण. अनोळखी बाईलाही मानानं तसंच म्हणतात. आमच्या भाषेत अबला म्हणजे काय ते मी तिला सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की यंत्राच्या चाकावर डोकं टेकवून बसली. देवडीत मी ऐकलेलं ते पहिलं खरं हसणं.

पुढं मुलींचा अभ्यास संपला की मी तिच्याकडं थोडा वेळ बसायला लागले. तिची उर्दू मोडकी होती, माझी पुस्तकी. तरी जमायचं. ती राजकन्या वगैरे नव्हती. तिची आई इस्तंबूलच्या एका राजवाड्यात कपड्यांना इस्त्री करायची. त्यांचं घर समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीजवळ, उतारावरच्या लाकडी घरांच्या गल्लीत होतं. हिवाळ्यात गल्लीत भाजलेल्या चेस्टनटची गाडी यायची. चेस्टनट म्हणजे काय हे मला सांगायला तिला शिंगाड्याचा आधार घ्यावा लागला. ती दहा वर्षांची असताना नव्या सरकारनं सुलतानाच्या घराण्याला देशाबाहेर काढलं. सामान बांधायला जेमतेम वेळ दिला. राजघराण्यातल्या बायकांना इस्त्रीवाली हवीच होती, म्हणून तिच्या आईला आगगाडीत चढवलं, आणि आईबरोबर तिलाही.

"आम्हाला कुणी हाकललं नव्हतं," ती म्हणाली. "आम्ही राहू शकत होतो. पण आईला वाटलं, यांच्याशिवाय आपण काय खाणार?"

मग फ्रान्समधलं एक समुद्रकाठचं गाव. राजघराणं भाड्याच्या घरात राहायचं, दागिने विकायचं, आणि नोकर तळघरात. आई तिथंच खोकून मेली. पुढं राजकन्यांची लग्नं हैदराबादला ठरली आणि रुखवताबरोबर ही शिवणकामाला आली. काही वर्षांनी जहागीरदारानं दरबारातल्या कुणाकडून तरी अर्ज केला, की आपल्याला एक तुर्की बायको मिळावी.

"मला विचारलं नाही कुणी. मोठ्या घरी नको असलेली खुर्ची असते ना, कुणी मागितली की देऊन टाकतात."

तिला एक मुलगी झाली होती. हे तिनं सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं. मुलगी सावळी निघाली, बापासारख्या नाकाची. जहागीरदारानं दुपट्यातलं तोंड उघडून बघितलं आणि म्हणाला, "ही तर इथलीच निघाली." नंतर त्यानं तिला कधी हातात घेतलं नाही. पाच महिन्यांची होऊन ती जुलाबांनी गेली. परतूरहून डॉक्टर आणायला घोडा मागितला, तर घोडा नुकताच मालिश करून बांधला होता.

मी घरी आले त्या दिवशी जेवले नाही. पाटलीणबाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्या हळहळल्या, डोळे पुसले, आणि लगेच म्हणाल्या, "मंग केस कशे होते वो पोरीचे? काळे का भुरे?"

दर शुक्रवारी दुपारी देवडीत कहव्याची, म्हणजे कॉफीची, बैठक भरायची. तहसीलदार यायचा, वकील यायचे, परतूरच्या कापसाच्या गिरणीचा एक शेठ यायचा. मुलींनी दाराआडून पाहुण्यांना इंग्रजी कविता म्हणून दाखवाव्यात असा जहागीरदाराचा हुकूम, म्हणून मलाही दाराशी उभं राहावं लागे. दिवाणखान्याच्या एका टोकाला पातळ पडदा होता, तिनंच शिवलेला. पडद्यामागं ती शेगडीवर छोट्या पितळी भांड्यात तुर्की पद्धतीचा कहवा करायची आणि पेला धरलेला हात पडद्याच्या फटीतून बाहेर काढायची. एकेका पाहुण्यानं उठून तो घ्यायचा. ही जहागीरदाराची कल्पना. पडदाही पाळला गेला आणि मालही दाखवला गेला.

पेला घ्यायला त्या माणसांना जो वेळ लागायचा! तहसीलदार आधी चष्मा पुसायचा. शेठ दोन्ही हातांनी पेला घ्यायचा, म्हणजे तिची बोटं त्याच्या पंजात यायची. वकील परत जागेवर बसताना आपली बोटं नाकाशी न्यायचे, कहव्याचा वास घेतल्यासारखं करून. मी दारात उभी राहून हे बघायचे आणि मुली मेंढीच्या कोकराची कविता म्हणायच्या.

एका शुक्रवारी जहागीरदार रंगात आला होता. आपल्या टोपीचा गोंडा हलवत म्हणाला, "ही टोपी घातली की माणूस कुठंही असो, तुर्कच. बेगम, सांगा यांना."

पडद्यामागून तिचा आवाज आला. अगदी साधा, कुणाला भाजीचा भाव सांगावा तसा.

"आमच्याकडं आता ही टोपी घालायला बंदी आहे. रस्त्यावर घातली तर शिपाई धरून नेतात. तिथं सगळे इंग्रजी हॅट घालतात."

चार लाल टोप्या तशाच डोक्यावर. मग जहागीरदार हसला, म्हणून तहसीलदार हसला, म्हणून वकील सगळ्यांत मोठ्यानं हसले. "बेगमसाहेबांचा विनोद!" वकील म्हणाले आणि रुमालानं डोळे पुसले. हसू नव्हतं आलं तरी पुसले.

दुसऱ्या दिवशी तिचं शिलाईचं यंत्र उचलून मोठ्या बेगमेच्या खोलीत नेऊन ठेवलं. मोठ्या बेगमेला शिवता येत नव्हतं. तिनं त्यावर अडकित्ता आणि पानाचा डबा ठेवला.

यानंतर वर्षभरानं असेल, हैदराबादच्या राजवाड्यातून तिला एक पेटी आली. तिच्या जुन्या मालकिणीनं नको असलेले कपडे आणि काही पेले पाठवले होते. पेले एका वर्तमानपत्रात गुंडाळले होते. पेटी आधी जहागीरदारानं उघडली. ते वर्तमानपत्र त्यानं बघितलं आणि मला मुलींच्या अभ्यासातून बोलावून घेतलं.

"उस्तानी, ही इंग्रजी आहे ना? वाचा. कुणाचा काय निरोप आहे ते कळू द्या."

पडद्याच्या पलीकडं ती उभी होती, तिची सावली दिसत होती. मी कागद हातात घेतला. अक्षरं इंग्रजी होती, काहींवर ठिपके, काहींखाली शेपट्या. पण शब्द इंग्रजी नव्हते.

"हुजूर, ही इंग्रजी नाही."

"मग फ्रेंच असेल. फ्रान्समध्ये कोण आहे तिचं?"

"ती तुर्की आहे," पडद्यामागून ती म्हणाली. "आता तुर्की अशीच लिहितात. जुनी अक्षरं सरकारनं बंद केली. पोस्टमनपासून मंत्र्यापर्यंत सगळे पुन्हा पाटी घेऊन शाळेत बसले."

"झूठ!" जहागीरदार ओरडला. "तुर्की उर्दूसारखी लिहितात. उजवीकडून. सुलतानांची फर्मानं मी बघितली आहेत. उस्तानी, तुम्ही मोठ्यानं वाचा. ही जे सांगेल ते मी ऐकणार नाही, तुम्ही वाचा."

मी एका चौकटीवर बोट ठेवलं. तिथं एका बाईचं चित्र होतं आणि मोठी अक्षरं. मला जमेल तसं वाचलं. "एन इयी साबुन. हेर दुक्कांदा बुलुनुर."

पडद्यामागून हुंदका आला. एक, आणि मागोमाग दुसरा.

"बघा! रडतेय!" जहागीरदार उठून उभा राहिला. "काय लिहिलंय?"

"साबण," मी म्हटलं, कारण तो शब्द मला कळला होता. "आणि दुकान."

"सगळ्यात चांगला साबण," ती रडत रडतच म्हणाली. "हर दुकानात मिळतो. एवढंच आहे हो. साबणाची जाहिरात."

तिला रडू साबणाचं आलं नव्हतं, हे मला कळत होतं. हैदराबाद सोडल्यापासून कुणाच्या तोंडून तिनं स्वतःची भाषा मोठ्यानं वाचलेली ऐकली नव्हती, आणि ऐकली ती माझ्या असल्या उच्चारात. पण जहागीरदारानं तोवर पान उलटलं होतं. आतल्या पानावर फोटो होता. उघड्या डोक्याच्या, कोपरापर्यंत बाह्यांच्या बायका रांगेत उभ्या, आणि एक जण पेटीत कागद टाकत होती.

"हे काय आहे?"

"बायका मत देतात," ती म्हणाली. "तिथं बायका वकील आहेत. न्यायाधीशही आहेत."

तो त्या फोटोकडं बराच वेळ बघत राहिला. मग पिकदाणीची वाटही न बघता त्यावर थुंकला. लाल, जाड पिचकारी. ती बायकांच्या तोंडांवरून ओघळून माझ्या हाताच्या बोटांवर आली, कारण कागद मीच धरला होता. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"तुर्क मेले," तो म्हणाला. "आता तुर्क फक्त हैदराबादेत उरले."

मी विहिरीवर जाऊन राखेनं हात घासले. कातडी सोलेपर्यंत घासले. बोटांना तो काथ-तंबाखूचा वास आहे असं मला पुढं कित्येक दिवस वाटत होतं, आणि मी डाव्या हातानं जेवायला लागले होते.

त्या दिवसापासून शुक्रवारच्या बैठका बंद झाल्या. तिला मुदपाकखान्यामागच्या खोलीत हलवलं. जहागीरदाराचं तुर्कस्तानचं वेड उतरलं होतं. आता त्यानं शिकारी कुत्रे आणले होते. खरं म्हणजे तिला ते बरंच वाटलं. "आता कुणी बघत नाही," ती म्हणायची.

मग ते वाईट वर्ष आलं. देशाला स्वातंत्र्य मिळालं आणि आम्ही निजामाच्या राज्यात तसेच. रझाकारांची टोळी देवडीत उतरली. मदरसा बंद पडला. गावातल्या दोन घरांना आग लागली, एका माणसाला बाजारात मारलं, आणि पाटलांचं कुटुंब रातोरात सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेलं. मीही त्यांच्याबरोबर गेले. मेहकरकडच्या एका छावणीत आम्ही पावसाळा काढला. निघताना तिला भेटता आलं नाही. देवडीच्या दारावर बंदूकवाले होते.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं. आम्ही मात्र जरा उशिरा परतलो. पाटील आणि त्यांची मुलं आधी गेली होती. मी पाटलीणबाईंच्या घरात पाऊल टाकलं तर पाटावर निळ्या नक्षीचे पेले मांडलेले. कहव्याचे. त्यातल्या एकात हळद होती. तिनं शिवलेला पडदा फाडून पोरींना पोलकी शिवायला घेतली होती.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"आमच्या मोठ्यानं आणलं देवडीतून," पाटलीणबाई म्हणाल्या. "समदं गावच गेल्तं. आपुनच न्हाई नेलं तर दुसरं कुनी नेलं असतं."

"आणि ती?"

"कोन, तुर्कीण? हाये की. जहागीरदार बाकीच्यांना घेऊन हैदराबादला पळाला मोटारीत. तिला जागा न्हाई म्हनला. पर तिला काई केलं न्हाई बरं का कुनी! हात बी लावला न्हाई." हे त्या अशा सांगत होत्या, की जणू मी उठून त्यांची ओटी भरावी.

मी तशीच देवडीकडं गेले. त्या देवडीत बोटं चेपणारे, बोटं हुंगणारे, पिचकाऱ्या मारणारे लोक मी पाहिले होते. आता माझे लोक काय करून गेले ते पाहिलं. दारं बिजागऱ्यांसकट काढून नेलेली. तबेल्यात एक कुत्रा मरून फुगलेला. आणि दिवाणखान्यातून येणाऱ्या वासानं मी उंबऱ्यातच थांबले. लूट करून जाताना लोक तिथं घाण करून गेले होते. गालिचा नेला होता आणि गालिच्याच्या जागी घाण. एकानं नाही, पुष्कळांनी, ओळीनं.

ती तिथंच होती. नाकाला फडकं बांधून, साडी खोचून, खराट्यानं आणि राखेनं जमीन घासत होती. अर्धा दिवाणखाना स्वच्छ झाला होता. मला बघून तिनं फडकं खाली ओढलं.

"उस्तानी, लुटलं ते मला समजतं," ती म्हणाली. "जहागीरदारानं तुमच्या लोकांना छळलं. घर लुटणार. पण हे कशाला? हे करून काय मिळालं?"

मी बादली घेतली आणि विहिरीवरून पाणी आणायला लागले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी ती जमीन धूत होतो. बाहेर रस्त्यावरून ओळखीचे लोक जात होते, कुणी वाकून बघत होते, आणि एका पोरीनं आपल्या आईला विचारलं, "मास्तरीण का घाण काढून राह्यली?"

दोन दिवसांनी चावडीवर बैठक भरली. तुर्किणीचं काय करायचं यावर. मध्यभागी तेच वकील. डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. बोलणंही आता शुद्ध मराठीत. त्यांनी ठरवलं होतं की तिची शुद्धी करून घ्यायची आणि कापसाच्या शेठच्या बिजवर भाच्याशी लग्न लावायचं.

मी उभी राहिले. बायका चावडीवर बोलत नसत, पण मी सरकारी नोकर होते. "तिला विचारलं का?" मी म्हटलं.

"बाई, हे तिच्या भल्यासाठीच आहे," वकील म्हणाले. "बिनवारशी बाई गावात ठेवणं बरोबर दिसत नाही. आणि मुलगा तयार आहे. गोरी बायको कुणाला नको?"

लोक हसले. शेठही हसला. ते हसणं ऐकून मला कळलं, यांच्यात आणि जहागीरदारात फरक फक्त घोडी कोणाच्या तबेल्यात बांधायची एवढाच आहे. मी हे त्यांना तोंडावर म्हटलं, याच शब्दांत. पाटील उठून गेले. वकिलांनी पांढरी टोपी काढून परत घातली आणि म्हणाले की मास्तरीणबाईंची बदलीसाठी शिफारस करावी लागेल.

"जरूर करा," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, इथून कुठंही न्या. परतूरच्या स्टेशनवर फौजेची तुकडी होती. मी सकाळी तिथल्या सुभेदाराला भेटून आले. साताऱ्याकडचा मराठा माणूस. त्यानं सगळं ऐकलं, शिवी हासडली, आणि एक शिपाई गाडीबरोबर दिला. आम्ही निघालो तेव्हा गल्लीत सगळ्या बायका जमल्या. इतकी वर्षं जिचं वर्णन केलं ती शेवटी उजेडात दिसणार होती. ती उघड्या तोंडानं गाडीत येऊन बसली. एका म्हातारीनं पुढं होऊन तिचे केस ओढून पाहिले. दुसरीनं दंडाला चिमटा घेतला.

"अगंबाई!" पाटलीणबाई म्हणाल्या. त्यांचा स्वर अगदी हिरमुसलेला होता. "ही तर आपल्यावानीच हाये की. इतकी बी गोरी न्हाई."

शिपायानं बैल हाकले.

जालन्यात बायकांच्या दवाखान्यात माझ्या ओळखीची एक नर्स होती. तिथं कपड्यांच्या खोलीत शिवायला माणूस हवं होतं. तुर्किणीला काम मिळालं, राहायला व्हरांड्याला लागून एक खोली मिळाली, आणि शिलाईचं यंत्र. माझी बदली भोकरदनला झाली, वकिलांनी केलेलं तेवढं एक काम माझ्या उपयोगी पडलं. जाता-येता मी जालन्याला तिच्याकडं उतरायचे. ती उशांचे अभ्रे शिवत असायची, नर्सांकडून मराठी शिकत असायची, आणि भाकरी गरम मिळत नाही म्हणून स्वयंपाक्याशी भांडत असायची. भांडताना तिचं मराठी चांगलं यायचं.

पण तिथंही बातमी पसरली. पेशंटांचे नातेवाईक व्हरांड्यातून वाकून बघायला लागले. एका डॉक्टरनं पाहुण्यांना आणून सांगितलं, "ही आमची तुर्की बाई, जरा तुर्कीत बोलून दाखवा." त्या वेळी मी तिथं होते. तिनं यंत्र थांबवलं नाही, मान वर केली नाही. पाहुणे थोडा वेळ थांबले आणि गेले.

मी तिला विचारलं, "आता तुमच्या देशात जायला बंदी नाही ना? तुम्ही राजघराण्यातल्या नाही. अर्ज करून बघायचा का?"

तिनं दोरा दातानं तोडला.

"तिथं काय, सुलतानाच्या घरची मोलकरीण म्हणून बघायला येतील," ती म्हणाली. "बघायला येणारी माणसं मला पुरे झाली, आब्ला. मला अशा ठिकाणी जायचंय जिथं माझ्याकडं बघायला कुणाला वेळ नाही."

पुढच्या साली थंडी पडायच्या सुमारास माझी ती ओळखीची नर्स मुंबईच्या एका इस्पितळात गेली आणि तिच्याबरोबर हीसुद्धा गेली. मी निरोप द्यायला जालन्याच्या स्टेशनवर गेले होते. बायकांच्या डब्यात शिरायला खूप रेटारेटी होती. एका बाईनं हिला कोपरानं ढकललं आणि म्हणाली, "सरक की गं जरा, किती जागा अडवतीस!" माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. ती सरकली, बोचकं मांडीवर घेतलं, आणि त्या बाईला मराठीत म्हणाली, "बसा."

मुंबईत पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही. मी भोकरदनला परत गेले आणि दुसऱ्या दिवशी शाळा उघडली.